गोलेम कसा उभा करावा : नवख्या खेळाडूंसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या आणि भूमिकांच्या खेळात गोलेम म्हणजे माती, दगड, लोखंड किंवा मांसाचा, जादूने चालणारा पुतळा. गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात तो नरकासूर बांधलेल्या माणसाला गोलेमचे निम्मे काम आधीच येते. आधी सांगाडा, मग गवत, मग कागद आणि खळ, शेवटी मुखवटा. आणि वाटेतल्या विजेच्या तारा किती उंचावर आहेत हे मोजायचे ते पहिल्याच दिवशी, पहाटे मिरवणूक निघताना नव्हे. गोलेमचेही तसेच असते. फरक इतकाच, की नरकासूर पहाटे जाळून मोकळे होता येते. गोलेम एकदा उभा राहिला की उभाच राहतो, आणि तुम्ही तोंडाने जे म्हणाल ते करतो. नवखे चुकतात ते बहुधा या दुसऱ्या भागात. शरीरावर पैसा ओततात आणि हुकूम मात्र जाता जाता देतात.

इथले आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या नियमांचे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत काही आकडे बदलले आहेत, त्यामुळे आपल्या टेबलावर कुठला संच चालतो हे डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, आधी विचारून घ्या. मालमसाल्याची कृती मात्र आम्ही २००३ च्या साडेतीन (३.५) आवृत्तीतून घेतली आहे, कारण पाचवी आवृत्ती खर्च आणि दिवस सांगते, पण माती किती घ्यायची ते सांगत नाही. तिथल्या सोन्याच्या नाण्याला इथे ‘मोहर’ म्हटले आहे.

काय गोलेम आणि काय नाही

मुळात जिवंत नसलेल्या वस्तूपासून घडवलेला आणि जादूने चालणारा जीव म्हणजे कन्स्ट्रक्ट. गोलेम हा त्यातलाच एक, होमुंक्युलस दुसरा. उठवलेला सांगाडा कन्स्ट्रक्टमध्ये येत नाही, तो अनडेड, म्हणजे मेल्यावर उठवलेला. जादूगाराची मांजर किंवा घुबडही नाही. ते प्राण्याचे रूप घेतलेले आत्मे असतात. हा फरक पुस्तकी वाटतो, पण जखम भरायची वेळ आली की कळतो. ‘क्युअर वूंड्स’ हा जखमा भरायचा मंत्र कन्स्ट्रक्टवर चालतच नाही. पहिल्या लढाईनंतर धर्मगुरूने गोलेमच्या छातीवर हात ठेवायचा आणि एक स्लॉट (मंत्र म्हणण्याची एक संधी) फुकट घालवायचा, हे प्रत्येक नव्या टेबलावर एकदा तरी घडते.

गोलेमच्या आत असते ती पृथ्वीतत्त्वाच्या लोकातून आणलेली एक ठिणगी. तिला आठवण नाही, स्वभाव नाही, पूर्वायुष्य नाही. चित्रशाळेतून आणलेली मूर्ती पाटावर बसवली म्हणून लगेच पूजेला लागत नाही, प्राणप्रतिष्ठा व्हावी लागते. खेळातही शरीर हे एक काम आणि जीव हे दुसरे. शरीर कारागिराकडून करून घेता येते, दुसरे काम निर्मात्यालाच करावे लागते.

कितव्या लेव्हलला काय झेपते

पहिल्याच महिन्यात लोखंडी गोलेम मागणारे खूप असतात. खालून वर चढा. इथे ‘लेव्हल’ ही पात्राची आणि ‘पातळी’ ही मंत्राची.

आर्टिफिसर, म्हणजे जादूच्या वस्तू घडवणारे पात्र, असाल तर दुसऱ्या लेव्हललाच ‘होमुंक्युलस सर्व्हंट’ हे इन्फ्यूजन (वस्तूत भरायची जादू) घेता येते. लागते फक्त किमान १०० मोहरांचे एक रत्न किंवा स्फटिक, तेच त्याचे काळीज. त्याला हुकूम देण्यासाठी तुमची बोनस ॲक्शन (पाळीतली जादा कृती) खर्च होते. ती दिली नाही तर तो नुसता वार चुकवत राहतो. नवखे हे विसरतात आणि मग ‘हा काहीच का करत नाही’ म्हणून विचारतात.

जादूगाराला पाचव्या लेव्हलला ‘टायनी सर्व्हंट’ मिळतो. एका मिनिटात मंत्र होतो आणि एखादी छोटी वस्तू हातपाय फुटून आठ तास चालते. एसी (वार बसायला फाशावर गाठायचा आकडा) १५, हिट पॉइंट (सोसता येणारे नुकसान) १०. तांब्या, समई, पाटा-वरवंट्यातला वरवंटा, काहीही चालते. फक्त ती वस्तू जादूची नसावी आणि दुसऱ्या कोणाच्या अंगावर किंवा हातात नसावी. हुकूम देण्याची सवय लावायला याच्याइतकी स्वस्त शाळा नाही.

नवव्या लेव्हलला ‘ॲनिमेट ऑब्जेक्ट्स’. दहा छोट्या वस्तू एक मिनिट लढतात. प्रत्येकीचा वार +८ ने, नुकसान १ डी ४ + ४, म्हणजे चार बाजूंच्या एका फाशावर येईल ते अधिक ४. दहाही वार बसले तर सरासरी ६५. दहा सुऱ्या हवेत उडवणे हे एका मोठ्या कपाटाला चालवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच फायद्याचे ठरते. पण जादूगाराची एकाग्रता तुटली की सगळ्या सुऱ्या जमिनीवर, म्हणून त्याला मागे ठेवा.

गोलेम येतो त्यानंतर.

होमुंक्युलस : रक्ताचे नाते

अकराव्या लेव्हलच्या जादूगारासाठी. ‘क्रिएट होमुंक्युलस’ हा सहाव्या पातळीचा मंत्र असून तो २०१७ च्या ‘झानाथर्स गाईड टू एव्हरीथिंग’ या पुस्तकात आहे. कृती सोपी आहे:

१. चिकणमाती, राख आणि मँड्रेक या वनस्पतीचे मूळ एकत्र ठेवा. हे तिन्ही मंत्रात संपून जाते.

२. किमान १,००० मोहरांचा रत्नजडित खंजीर लागतो. तो मात्र संपत नाही, पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतो. भाड्याने आणलेला चालेल का, हे डीएमच्या मूडवर.

३. तासभर मंत्र म्हणत स्वतःला कापा. २ डी ४ इतके नुकसान होते आणि ते कशानेही कमी होत नाही. दगडी कातडीचा मंत्र आधी लावून हुशारी करू नका.

४. रक्त त्या मिश्रणावर थेंबाथेंबाने पाडा आणि स्पर्श करा.

जुन्या आवृत्तीत हेच काम जास्त अंगावर येते. तिथे माती, राख, मँड्रेक, झऱ्याचे पाणी आणि निर्मात्याचे एक पाइंट रक्त मागतात. एक पाइंट म्हणजे सुमारे ४७३ मिलिलिटर. आपल्याकडच्या रक्तदान शिबिरात ३५० मिलिलिटरची पिशवी भरतात, त्यावरून अंदाज करा. पाणी झरीचेच हवे, बांयचे (विहिरीचे) चालत नाही. आणि ५०० मोहरा घालून प्रयोगशाळेसारखी एक खोली तयार करावी लागते.

बाहेर येतो तो सुमारे दोन वीत उंचीचा पंखवाला प्राणी. पाचव्या आवृत्तीत त्याला हिट पॉइंट फक्त ५. एखाद्या मांजराने मनावर घेतले तरी खेळ खलास. पण तो तुमच्याच लोकात असेपर्यंत त्याला दिसते-ऐकू येते ते तो तुम्हाला मनोमन कळवतो, अंतराची अट नाही. तो बोलत नाही. चावला तर डीसी १० ची कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणाच्या जोरावर किमान १० गाठायचा बचावाचा फासा, आणि सेव्ह पाच किंवा जास्तने चुकली तर समोरचा काही मिनिटे बेशुद्ध. पहारेकऱ्याच्या मानेसाठी ही उत्तम सोय.

त्याचे ५ हिट पॉइंट वाढवायची सोय मंत्रातच आहे आणि ती बहुतेक जण वाचत नाहीत. प्रत्येक लाँग रेस्टनंतर (आठ तासांच्या विश्रांतीनंतर) तुमच्या हिट डाइसपैकी (लेव्हलमागे एक मिळणाऱ्या फाशांपैकी) निम्म्यापर्यंत फासे त्याला देता येतात. अकराव्या लेव्हलचा जादूगार, कॉन्स्टिट्यूशन +२ धरू. पाच फासे दिले की ५ डी ६ + १०, सरासरी साडेसत्तावीस. होमुंक्युलस ५ वरून ३२ च्या आसपास जातो. तुमच्या हिट पॉइंटची कमाल मात्र ६८ वरून ४० च्या आसपास येते, आणि होमुंक्युलस मेला तरच, नाहीतर पुढच्या लाँग रेस्टपर्यंत, ती कशानेही भरत नाही. म्हणून ज्या दिवशी तो टेहळणीला एकटा जाणार आणि तुम्ही तंबूत बसणार, त्याच दिवशी फासे द्या. दोघेही लढाईत उतरणार असाल तर नका देऊ. ४० हिट पॉइंटचा जादूगार एका अग्निगोळ्यात आणि एका बाणात आटपतो, आणि तुम्ही मेलात की तोही मरतो.

एका वेळी एकच. पहिला जिवंत असताना दुसऱ्यासाठी मंत्र म्हटला तर मंत्रच फसतो.

ग्रंथ, पैसा आणि दिवस

गोलेमसाठी पाचव्या आवृत्तीत ‘मॅन्युअल ऑफ गोलेम्स’ नावाचा ग्रंथ सापडावा लागतो. एक ग्रंथ, एक जात, एक गोलेम. कुठल्या जातीचा ग्रंथ मिळाला ते डी २० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, ठरते: १ ते ५ माती, ६ ते १७ मांस, १८ लोखंड, १९-२० दगड. म्हणजे दहांतल्या सहा वेळा तुमच्या हाती मांसाच्या गोलेमचाच ग्रंथ लागणार. मन तयार ठेवा.

वाचायला पाचव्या पातळीचे किमान दोन स्पेल स्लॉट हवेत. जादूगार, धर्मगुरू, ड्रुइड, बार्ड यांना हे दहाव्या लेव्हलला जमते. वॉरलॉकला नवव्यालाच, कारण तेव्हा त्याचे दोन्ही स्लॉट पाचव्या पातळीचे असतात. पॅलाडिनला एकोणिसाव्यापर्यंत थांबावे लागते. पात्रता नसताना पाने उलटली तर ६ डी ६ मानसिक नुकसान, सरासरी २१. तिसऱ्या लेव्हलचा जादूगार तेवढ्यात आडवा होतो. ‘बघू तरी काय लिहिलंय’ म्हणून सहज ग्रंथ उघडणारा एक खेळाडू प्रत्येक गटात असतोच, त्याच्याकडे ग्रंथ ठेवू नका.

खर्च आणि वेळ असा: मातीचा ६५,००० मोहरा आणि ३० दिवस. मांसाचा ५०,००० आणि ६० दिवस. दगडाचा ८०,००० आणि ९० दिवस. लोखंडाचा १,००,००० आणि १२० दिवस.

आकडे पाहून दिवस हलके वाटतात. आपल्या हिशोबात घ्या. मातीचा म्हणजे एक अख्खा श्रावण. मांसाचा म्हणजे १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी, त्यात एक दिवस सुट्टी. लोखंडी म्हणजे पूर्ण चातुर्मास. आणि त्यातल्या एकेका दिवशी फक्त आठ तास विश्रांती, बाकीचे सोळा तास ग्रंथ शेजारी ठेवून काम, तेही खंड न पडता. मातीसाठी ४८० तास, लोखंडासाठी १,९२०. मधेच ड्रॅगन आला आणि तुम्ही उठलात तर झालेल्या कामाचे काय, हे पहिल्या दिवसाआधी डीएमशी बोलून ठेवा. वीस दिवसांनंतर बोललात तर भांडण ठरलेले.

पैशाचा आणखी एक त्रास. पन्नास नाण्यांचे वजन एक पाउंड. ६५,००० मोहरा म्हणजे १,३०० पाउंड, जवळजवळ ५९० किलो. गोलेमच्या मातीपेक्षा मोहरांचे ओझे जास्त भरते. रत्नांत बदलून घ्या, नाहीतर बैलगाडी आणि तिचा पहारा हा वेगळाच खेळ होऊन बसतो.

कुठला निवडावा? निवड हातात असेल तर मातीचा. सगळ्यांत लवकर होतो, १३३ हिट पॉइंट, चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा) ९. दगडाचा १७८ आणि १०, तोही चांगला, प्रत्येक हिट पॉइंटमागे सगळ्यांत कमी पैसे त्यालाच पडतात. पण तीन महिने द्यावे लागतात. लोखंडी २१० आणि १६: तो ज्यांच्याकडे राज्य आहे त्यांनी करावा. मांसाचा ९३ आणि ५, आणि वर लोकांच्या शिव्या. जुन्या आवृत्तीत त्याला किमान सहा वेगवेगळी, फारशी न कुजलेली प्रेते लागतात: चार हातपायांना चार, धडाला एक, मेंदूला एक. गावाजवळ राहून हे काम गुपचूप होत नाही.

तुम्ही काम करत असताना बाकीचे खेळाडू काय करणार? त्यांना दुसरी पात्रे देऊन मोहरा आणायला पाठवा. तीन बैठका एकट्यानेच फासे टाकणारा जादूगार गटाला पाचव्या बैठकीपर्यंत टिकवत नाही.

शरीर

जुन्या कृतीप्रमाणे मातीचा गोलेम कमीत कमी १,००० पाउंडांच्या, म्हणजे साधारण ४५४ किलोच्या, मातीच्या एकाच गोळ्यातून कोरतात. तुकडे जोडून चालत नाही. तेले आणि चूर्णे १,५०० मोहरांची. कसब म्हणून मूर्तिकला किंवा कुंभारकाम, डीसी १५. साडेतीन आवृत्तीत घाई नसेल तेव्हा फासा न टाकता १० धरता येतात, म्हणून +५ असलेला कुंभार हे बसल्या जागी करतो. गोव्यातल्या डिचोलीच्या कुंभाराला विचारल्यासारखे गावातल्या चांगल्या कुंभाराला गाठा आणि त्याला पैसे द्या. स्वतः जादूगार आहात म्हणून चाकावर बसायला जाऊ नका.

दगडी गोलेमला किमान ३,००० पाउंडांचा, १,३६१ किलोचा, कठीण दगडाचा एकच ठोकळा हवा, ग्रॅनाइटसारखा. गोव्याच्या धर्तीवर जग रचणाऱ्या डीएमनी लक्षात घ्यावे, चिरा, म्हणजे जांभा दगड, यात बसत नाही. जांभ्याला भोके असतात, खाणीतून ओला असताना तो कोयत्यासारख्या हत्याराने तासला जातो. घर बांधायला उत्तम, गोलेमला नाही. दगडाचे कसब डीसी १७.

लोखंडी गोलेमला ५,००० पाउंड, २,२६८ किलो शुद्ध लोखंड आणि १०,००० मोहरांची मिश्रणे. खनिज नव्हे, गाळलेले लोखंड. कसब चिलखत किंवा शस्त्रे घडवणाऱ्याचे, डीसी २०. जुन्या आवृत्तीत त्याच्यावर गंज लावणारे हल्ले नेहमीसारखेच लागू पडतात, तेव्हा रस्ट मॉन्स्टर दिसला की त्याला मागे घ्या.

आता तारांची गोष्ट. माती, दगड आणि लोखंड हे तिन्ही गोलेम ‘लार्ज’ आहेत, १० बाय १० फुटांची जागा घेतात. अंग चोरून ते ५ फूट रुंदीच्या वाटेतून जातात, त्याहून अरुंद वाटेतून नाही. तळघरात तीस दिवस खपून गोलेम करायचा आणि मग जिना चार फुटांचा निघायचा, ही चूक इतकी सर्रास होते की कारखान्याचा नकाशा काढताना दार आधी काढा असे आम्ही सांगतो. मजला लाकडी असेल तर वजनही बघा. नदी आडवी आली तर होडीत चढवू नका. गोलेमला हवा लागत नाही, पाणीही नाही. तळावरून चालत येईल, तुम्ही पलीकडे थांबा.

खेळताना टेबलावर गोलेम म्हणून ठेवायच्या बाहुल्याबद्दल थोडे. लार्ज जिवाला २ बाय २ इंचांचा तळ लागतो. चवथीच्या मूर्तीतून उरलेली लिंबाएवढी चिकणमाती पुरते. आगकाड्यांचा सांगाडा करा, माती एकाच वेळी ओली असताना लावा. वाळलेल्या धडावर ओला हात चिकटवलात तर सांध्यावर तडा जाणारच. चिकटवायचाच असेल तर दोन्ही बाजू खरवडून मधे पातळ केलेली माती लावा. सावलीत वाळवा. पावसाळ्यात चार दिवस धरा आणि वर फडके टाकू नका, बुरशी येते.

शेवटचा दिवस

काम पुरे झाले की ग्रंथ आपोआप जळतो. त्याची राख गोलेमवर शिंपडली की तो हलतो. म्हणजे राख उडून जाता कामा नये. ग्रंथ उघड्या अंगणात ठेवून जळू देऊ नका. खाली पितळेचे ताट ठेवा. नियमात ताटाचा उल्लेख नाही, पण वाऱ्याचा फासा टाकणारे डीएम असतात.

जुन्या आवृत्तीत शेवटच्या दिवशी ठरलेले मंत्र निर्मात्याने म्हणायचे असतात, मातीसाठी ‘ॲनिमेट ऑब्जेक्ट्स’, ‘कम्यून’, ‘प्रेयर’ आणि ‘रेझरेक्शन’. स्क्रोलवरून म्हटले तरी चालतात, पण म्हणणारे तुम्हीच. शिवाय त्यात अनुभवाचे १,५४० गुण जातात. नव्या नियमांत तो भुर्दंड नाही.

हुकूम

गोलेमला निर्मात्याच्या भाषा कळतात, बोलता येत नाहीत. हुकूम त्याला पक्का कळतो, त्यापलीकडे भाषा कळत नाही. तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकत नाही, आणि चोरही त्याला गोड बोलून फसवू शकत नाही. पण कळतो तो तुम्ही बोललात तसा. मनात होता तसा नव्हे.

मराठीतून खेळणाऱ्यांना इथे जास्त जपावे लागते. आपले रोजचे शब्द दोन-दोन कामे करतात. लढाई थांबवायला तुम्ही ‘बस!’ म्हणता, आणि मातीचा गोलेम जिथे आहे तिथे बसतो, खाली जो कोणी असेल त्याच्यासकट. ‘हळू ये’ म्हणजे आवाज न करता की सावकाश? त्याने सावकाश घेतले तर प्रत्येक पावलाला फरशी हादरवत, पण अगदी संथपणे येईल. ‘तेवढं दार बघ’ म्हटलेत तर तो दाराकडे बघत राहील; चोर दार उखडून नेत असताना त्याच्याकडेही बघेल. ‘त्याला सोडू नको’ हे सगळ्यांत वाईट. कैद्याला पळू देऊ नको, की जिवंत ठेवू नको? आणि ‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे वाक्यात कुठेच नाही.

हुकूम आधी कागदावर लिहा, मग डीएमला वाचून दाखवा. पाच गोष्टी त्यात हव्यात: कुठे, कुणावर, काय, कुणाला वगळून, कधीपर्यंत. ‘दार राख’ हा हुकूम नव्हे. त्याऐवजी:

‘या खोलीतच राहा. ज्याच्या गळ्यात माझा निळा मणी नाही असा कोणीही, दारातून, खिडकीतून किंवा भिंत फोडून, या खोलीत आला तर त्याच्यावर वार कर. तो खोलीबाहेर गेला की वार थांबव, त्याच्या मागे जाऊ नको. मी “सुपारी बावन्न” म्हटले की जे करत असशील ते लगेच थांबव.’

थांबवायचा शब्द असा निवडा की तो बोलण्याच्या ओघात तोंडून निघणार नाही. ‘पुरे’ नको, जेवताना कोणीतरी म्हणतेच.

आधीचा हुकूम रद्द न करता दुसरा देऊ नका. ‘दाराशी थांब’ आणि मग ‘माझ्या मागे ये’ असे सांगितले की गोलेम कधी कधी दोन्हीत आळीपाळीने येजा करत राहतो. दर वेळी सुरुवात ‘आधीचा हुकूम संपला’ या तीन शब्दांनी करायची सवय लावा. हुकूम पाळणे अशक्य झाले तर तो नुसता उभा राहील किंवा हिंसक होईल, आणि यातले काय होणार हे तुमच्या हातात नाही. तुम्ही मेलात तर तो शेवटचाच हुकूम पाळत राहतो. जुन्या पडक्या वाड्यांत जे गोलेम भेटतात त्यांच्यापैकी बरेच कोणाच्या तरी अर्धवट वाक्यावर उभे असतात.

बिथरला तर

दगड आणि लोखंड बिथरत नाहीत. माती आणि मांस बिथरतात. मातीचा गोलेम ६० किंवा कमी हिट पॉइंटवर, मांसाचा ४० किंवा कमीवर स्वतःची पाळी सुरू करतो तेव्हा डी ६ टाकायचा. सहा आला की दिसेल त्या जवळच्या जिवावर हल्ला. कोणी जवळ नसेल तर वस्तूंवर. सहांत एक म्हणजे थोडे वाटते. पण चार पाळ्या त्या अवस्थेत काढल्या तर बिथरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के होते. म्हणून नियम साधा ठेवा: मातीचा ७५ च्या खाली गेला की मागे बोलवा. ६० ची वाट बघू नका, एका फेरीत १५ सहज जातात. त्याचा वेग २० फूटच आहे, परत यायलाही वेळ लागतो.

मांसाच्या गोलेमला निर्माता ६० फुटांच्या आत असेल तर एक ॲक्शन खर्च करून, ठामपणे बोलून शांत करू शकतो. डीसी १५ ची पर्स्वेजन, म्हणजे मन वळवण्याचा फासा. त्याला ऐकू मात्र यायला हवे. मातीच्या गोलेमला ही सोय नाही: तो नष्ट होईपर्यंत किंवा त्याचे सगळे हिट पॉइंट भरेपर्यंत चालूच.

आणि भरायचे कसे, ते उलट बाजूने आहे. मातीच्या गोलेमवर आम्लाचे नुकसान केले की तेवढे हिट पॉइंट त्याला परत मिळतात. मांसाच्याला विजेने, लोखंडाच्याला आगीने. ‘फायर बोल्ट’ हा फुकटचा मंत्र दहाव्या लेव्हलला २ डी १०, सरासरी ११ करतो. लोखंडी गोलेमला अंगणात उभा करून वीस वेळा जाळलात तर तो जवळजवळ मेलेल्या अवस्थेतून पूर्ण बरा होतो. एसी २० आहे, वार बसायला हवा. काही डीएम उभ्या गोलेमला फासा मागत नाहीत, विचारून घ्या. मांसाच्या गोलेमजवळ मात्र आग नेऊ नका, आगीने तो बिचकतो आणि पुढच्या पाळीअखेरपर्यंत त्याचे वार डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरून) जातात.

‘मेंडिंग’ या डागडुजीच्या मंत्राने गोलेम बरा होत नाही. तडा बुजतो, हिट पॉइंट येत नाहीत. आर्टिफिसरच्या होमुंक्युलसला तेवढे २ डी ६ मिळतात, कारण त्याच्या नोंदीत तसे स्वतंत्र लिहिले आहे. तिथून ही समजूत पसरली आहे. दगडी गोलेमला असा काहीच आधार नाही. त्याला लाँग रेस्टइतका वेळ एका जागी उभा ठेवा, आणि उभा ठेवण्यापूर्वी आधीचा हुकूम संपला असे म्हणायला विसरू नका.